फायनलमध्ये मेलबर्नची टीम नव्हती

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार म्हणजे मेलबर्नचा दसराच. २०२४ च्या त्या शनिवारी आम्ही टीव्ही परसात ओढून आणला होता, एक्स्टेन्शन बोर्डाची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर काढली होती, आणि बार्बेक्यूच्या तव्याचे मी दोन भाग पाडले होते. डावीकडे कांदा-लसूण चटणी चोळलेले मटणाचे चॉप्स, उजवीकडे शेजारच्या आजोबांसाठी साधे सॉसेज. मागे एकदा दोन्ही एकत्र भाजले तेव्हा आजोबांच्या डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं ते थांबेचना. तेव्हापासून ही सीमारेषा. या आजोबांना आमच्या घरात तात्या म्हणतात. इथल्या रीतीनं त्यांना नुसत्या नावानं हाक मारायची असते, पण ऐंशी वर्षांच्या माणसाला अरे-तुरे केल्यासारखं वाटून माझी जीभ काही वळेना, म्हणून बायकोनं हा तोडगा काढला. तात्या म्हणजे काय ते त्यांना एकदा समजावून सांगितलं, आता ते फोनवरसुद्धा 'टाट्या बोलतोय' म्हणतात. तर तात्या खुर्चीत, शेजारी त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, टीव्हीवर एमसीजीच्या मैदानात लाखभर माणूस, आणि ब्रिस्बेन विरुद्ध सिडनी अशी 'फुटी'ची, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, फायनल सुरू व्हायची होती. मी चिमट्यानं चॉप उलटत म्हणालो, "यंदा बरं आहे तुमचं. फायनलला मेलबर्नची टीमच नाही. कुणीही जिंको, जिवाला घोर नाही."

तात्यांनी तव्याकडं बघितलं, मग बायकोकडं बघितलं, आणि म्हणाले, "दोन्ही मेलबर्नच्याच आहेत की."

पुढचे दोन-अडीच तास ते जवळजवळ काही बोलले नाहीत.

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. सिडनी स्वान्स म्हणजे मूळची साउथ मेलबर्न, आणि ब्रिस्बेन लायन्समध्ये फिट्झरॉय मिसळलेली आहे, हे इथं चार वर्षं राहिलेल्या कुठल्याही माणसाला कानावरून जाऊन माहीत होतं. तात्या फिट्झरॉयचे आणि त्यांची बायको साउथची, हेही मला माहीत होतं. पण या दोन माहित्या माझ्या डोक्यात दोन वेगळ्या कप्प्यांत पडून होत्या. त्या दुपारी माझ्याच अंगणात दोघा नवरा-बायकोच्या माहेरच्या टीमा, दुसऱ्यांची नावं लावून, फायनलला समोरासमोर उभ्या होत्या, आणि मी त्यांना सांगत होतो की यात तुमचं कुणी नाही.

मी कोल्हापूरचा. हे सांगायचं कारण असं की मला तरी ही चूक माफ नव्हती. आमच्याकडं नवा माणूस भेटला की आडनावाच्या आधी पेठ विचारतात आणि पेठेच्या पाठोपाठ तालीम. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. बाहेरच्याला ही कुस्तीच्या आखाड्यांची नाहीतर गणपती मंडळांची नावं वाटतील, आणि ती तशी आहेतही. पण थंडी सरायच्या सुमारास हीच नावं शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळत असतात. उन्हानं तापलेल्या त्या काँक्रीटच्या पायऱ्यांवर पेपर घालून बसायचं, खाली पुडीतल्या शेंगांची टरफलं, मागून कुणाची तरी हलगी. समोरच्या गॅलरीत आपल्याच वर्गातला बाकावरचा जोडीदार बसलेला असतो आणि त्या नव्वद मिनिटांपुरता तो आपला कुणी नसतो. माझ्या आत्याचं लग्न दुसऱ्या तालमीच्या घरात झालं. आजी शेवटपर्यंत म्हणायची, मुलगा चांगला आहे, नोकरी पक्की आहे, बाकीचं काय, चालवून घ्यायचं. बाकीचं म्हणजे तालीम.

म्हणून २०१५ च्या हिवाळ्यात मेलबर्नला आलो आणि कामावरच्या पहिल्याच आठवड्यात एकानं विचारलं, तू कुणाचा, तेव्हा मला परदेशात आल्यासारखंच वाटलं नाही. इथला खेळ निराळा. क्रिकेटच्या मैदानावर अंड्यासारखा लांबट चेंडू, दोन्हीकडं अठरा-अठरा माणसं, टोकाला चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून लाथ मारून काढला तर सहा, बाजूच्या फटीतून गेला तर एक. उरलेले नियम मला अजून नीट कळलेले नाहीत, आणि अंपायरला कळतात असं प्रेक्षकांत कुणालाही वाटत नाही. पण 'कुणाचा' हा प्रश्न मला कळला. आम्ही भाड्यानं घर घेतलं ते वेस्ट फुट्सक्रेत, जिथं बार्कली स्ट्रीटवर मसाल्याची दुकानं आहेत आणि रविवारी सकाळी डोशाचा वास येतो. तिथून दहा मिनिटांवर व्हिटन ओव्हल, बुलडॉग्जचं जुनं मैदान. म्हणून मी बुलडॉग्जचा. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पेठ तीच टीम.

ही गोष्ट मी तात्यांना सांगितली तेव्हा ते हसले. तुला बरोबर कळलंय, म्हणाले, फक्त चाळीस वर्षं उशिरा.

त्यांची लीग होती व्हिक्टोरिया राज्याची, नाव व्हीएफएल. १८९७ ला आठ क्लबांनिशी सुरू झाली. १९२५ पासून बारा झाले, त्यातले अकरा मेलबर्नचे आणि एक तासाभरावरच्या जिलाँगचा. साठ वर्षं हेच बारा. तात्यांच्या लहानपणी शनिवारी दुपारी दोनच्या सुमाराला सहाही सामने शहरभर एकाच वेळी सुरू व्हायचे, त्यामुळं दुसऱ्याचा सामना बघायला जायचा प्रश्नच नव्हता. खेळाडू कुठल्या क्लबाकडून खेळणार हेसुद्धा तो राहतो कुठं यावर ठरायचं. गल्ली बदलली तर टीम बदलायची. फिट्झरॉयमध्ये तेव्हा मॅकरॉबर्टसनचा चॉकलेटचा कारखाना होता. वाऱ्याची दिशा असेल तशी मैदानावर गरम चॉकलेटची गोडसर वाफ यायची, आणि तिच्यात बियर, ओली लोकर आणि चिखल. तात्या जन्मले १९४४ ला, त्याच वर्षी फिट्झरॉयनं आठवी फ्लॅग जिंकली. फ्लॅग म्हणजे विजेतेपद. इथं कपापेक्षा फडकणाऱ्या कापडाला मान. युद्धामुळं एमसीजी लष्कराकडं होतं म्हणून फायनल सेंट किल्डाच्या जंक्शन ओव्हलवर झाली, आणि वडिलांनी तान्ह्या तात्यांना कोटात गुंडाळून नेलं होतं म्हणे. नववी फ्लॅग बघायला ते बावन्न वर्षं थांबले. ती आली नाही.

साउथची गोष्ट आधी घडली. क्लब कर्जात बुडालेला, अल्बर्ट पार्कच्या तळ्याकाठचं मैदान रिकामं पडत चाललेलं, आणि लीगला सिडनीत पाय रोवायचा होता. १९८२ पासून साउथ आपले घरचे सामने सिडनीत खेळू लागली, आठ-नऊशे किलोमीटरवर. लोकांनी सभा घेतल्या, साउथला साउथमध्येच ठेवा म्हणून पाट्या लावल्या, कोर्टापर्यंत गेले. तात्यांच्या सासऱ्यांनी मात्र काही केलं नाही. पेपर आला की खेळाची पानं वेगळी काढून मांजराच्या खोक्यात घालायचे, एवढंच. सिडनीचे सामने रविवारी व्हायचे आणि मेलबर्नला टीव्हीवर थेट दिसायचे. तेव्हा ते खुर्ची फिरवून टीव्हीकडं पाठ करून बसायचे, आणि चहा ढवळायचा चमचा गोल होईपर्यंत हलायचा नाही. काकू हे सांगताना हातानं चमचा धरून दाखवतात. हवेतच धरलेला, कपाच्या जरा वर.

बाकीच्या क्लबांचीही दशा फार वेगळी नव्हती. खेळाडूंचे पगार वाढत होते, दुसऱ्या राज्यांतून माणसं विकत आणायची चढाओढ लागली होती, आणि उपनगरातली शे-सव्वाशे वर्षांची मैदानं तिकिटावर किती देणार? १९८७ ला पर्थची वेस्ट कोस्ट ईगल्स आणि ब्रिस्बेन बेअर्स लीगमध्ये आल्या. प्रवेशाचे प्रत्येकी चाळीस लाख डॉलर मोजून. आपण बाहेरून बघताना म्हणतो, लीगचा विस्तार झाला. तात्या म्हणतात, घराला गळती लागली होती म्हणून पाहुणे घेतले आणि पाहुण्यांच्या पैशानं कौलं शाकारली. १९९० ला नावातला व्हिक्टोरियाचा व्ही गेला आणि ऑस्ट्रेलियाचा ए आला, एएफएल झाली. पुढच्या वर्षी ॲडलेड. १९९२ ला वेस्ट कोस्टनं फायनल जिंकली आणि फ्लॅग पहिल्यांदा राज्याबाहेर गेली. १९९५ ला फ्रीमँटल, १९९७ ला पोर्ट ॲडलेड. मेलबर्नमधली छोटी मैदानंही एकेक करून बंद झाली. सामने एमसीजीवर नाहीतर छपराच्या स्टेडियमवर, कारण टीव्हीला तेच सोयीचं.

फुट्सक्रेवर पाळी आली होती १९८९ ला. फिट्झरॉयशी विलीनीकरण ठरलं, कागद तयार झाले, आणि इथल्या माणसांनी डबे घेऊन दारोदार हिंडून पैसे गोळा केले. आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या बाईंनी तो डबा अजून ठेवलाय. आत आता सुया आणि बटणं आहेत. क्लब वाचला. पण १९९६ संपता संपता नावातून फुट्सक्रे गेलं आणि वेस्टर्न बुलडॉग्ज झालं, म्हणजे नुसती एक पेठ नको, सगळी पश्चिम आपली. मी आलो ते या नावाच्या टीमकडं. मला 'वेस्टर्न' कधी खटकलं नाही, कारण मी त्याच्याआधीचं काही बघितलंच नव्हतं. २०१६ ला बुलडॉग्जनी बासष्ट वर्षांनी फ्लॅग जिंकली, तेव्हा मी या गावात जेमतेम सव्वा वर्षाचा होतो. त्या रात्री बार्कली स्ट्रीटवर व्हिएतनामी आज्या, सोमाली पोरं, आमच्यासारखे देशी, सगळे हॉर्न वाजवत होते. एक म्हातारा विजेच्या खांबाला धरून रडत होता आणि लोक त्याला वळसा घालून जात होते. मी नाचलो. नंतर वाटलं, त्याच्या बासष्टातलं मला सव्वा वर्षात कसं काय मिळालं?

फिट्झरॉयला डबे पुरले नाहीत. १९६६ नंतर त्यांना स्वतःचं घरच नव्हतं, तीस वर्षं दुसऱ्यांच्या मैदानांवर भाड्यानं राहिले. शेवटची तीन वर्षं तर इथं, आमच्या व्हिटन ओव्हलवर. १९९६ ला ऑगस्टमध्ये मेलबर्नमधला शेवटचा सामना एमसीजीवर रिचमंडशी झाला. फिट्झरॉय दीडशेहून जास्त गुणांनी हरली. आठवड्यानं, १ सप्टेंबरला, पर्थमध्ये फ्रीमँटलशी हरली आणि संपली. ब्रिस्बेन बेअर्सनी तिला पोटात घेतलं आणि ब्रिस्बेन लायन्स झाली. सिंह फिट्झरॉयचा, गाण्याची चाल फिट्झरॉयची, फ्रान्सच्या राष्ट्रगीताची. जर्सीवर गळ्यामागं बारीक अक्षरांत दोन्ही जुन्या क्लबांची आद्याक्षरं. सिडनीच्या जर्सीवरही गळ्यामागं साउथ मेलबर्नची आहेत. खेळाडूला स्वतःला ती दिसत नाहीत. मागं उभा राहणाऱ्यालाच दिसतात.

आता हे सगळं मी तात्यांच्या बाजूनं सांगतोय, आणि सांगताना माझा आवाज जरा जडच होतो. पण ऑफिसात माझ्यासमोर पर्थची एक बाई बसते. तिच्यापुढं मी एकदा फिट्झरॉयचं गाऱ्हाणं लावलं तर तिनं लॅपटॉप मिटला. म्हणाली, पर्थमध्येही लीग होती, ॲडलेडलाही होती, तुमच्याइतकीच जुनी. आमचा एखादा पोरगा जरा बरा निघाला की तुमचे क्लब पैसे टाकून उचलायचे. मग तुमच्या लीगला राष्ट्रीय नाव दिलं आणि आमच्या लीगा एका रात्रीत तालुका पातळीच्या झाल्या. आणि फायनल अजून तुमच्याच मैदानावर, करार २०५० च्या पुढचा. तुमचं काय गेलं ते सांगतोस, कमावलं काय तेही सांग. मला उत्तर सुचलं नाही. 'तुमचे क्लब' म्हणाली त्याचं मात्र आत कुठंतरी बरं वाटलं, ही लाज वाटण्यासारखीच गोष्ट.

कोल्हापूरच्या मित्रांच्या ग्रुपवर असल्या गप्पा अधूनमधून निघतात. आमच्याकडचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला खेळला तेव्हापासून जरा जास्तच. शहराची एक टीम काढायची, स्पॉन्सर आणायचा, देशाच्या लीगमध्ये उतरायचं. एकानं नावसुद्धा सुचवलं होतं, त्यात 'युनायटेड' होतं. दुसऱ्यानं लगेच लिहिलं, "भावा, पाटाकडील आन् प्रॅक्टिस एका जर्सीत? पयल्यांदा ड्रेसिंग रूमला दोन दारं पाड." मग हसणारे चेहरे. मग कुणीतरी गोव्याचं काढलं, की २०१६ ला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग, तिघंही देशाची आय-लीग सोडून घरच्या लीगला परत गेले. कुणी कोलकात्याच्या मोहन बागानचं काढलं. नावाआधी चिकटवलेली 'एटीके' ही तीन अक्षरं काढून टाका म्हणून चाहते तीन वर्षं ओरडत होते आणि २०२३ ला ती निघाली, पण मागं दुसरं शेपूट आलंच. आमच्या तालमींकडून आफ्रिकेतली पोरं खेळायला लागली तेव्हा बाबा म्हणाले होते, पेठेतलं कोण उरलं मग? आणि पुढच्याच रविवारी त्यातल्याच एकानं गोल मारल्यावर गॅलरीत उभं राहून त्याचं नाव, चुकीचं, पण घसा बसेपर्यंत ओरडत होते. हे दोन्ही बाबा खरे होते. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. शाहू स्टेडियम सोडून नऊ-दहा हजार किलोमीटरवर येऊन बसलेल्या माणसानं, पेठेनं पेठेतच राहावं, असं कोणत्या तोंडानं लिहायचं?

तर त्या शनिवारी. हाफटाइमलाच निकाल लागल्यासारखा होता. ब्रिस्बेन साठ गुणांनी जिंकलं, १२० विरुद्ध ६०. काकूंनी एकच वाक्य टाकलं, "आम्हाला सवय आहे," आणि ताटं गोळा करायला लागल्या. २००५ ला त्यांची टीम चार गुणांनी जिंकली होती, १९३३ नंतर पहिल्यांदा, तेव्हा त्या ढसाढसा रडल्या होत्या. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. टीव्हीवर ब्रिस्बेनचं गाणं सुरू झालं. खेळाडू कोंडाळं करून उड्या मारत ओरडत होते. मी तात्यांकडं बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. चाल तीच, ठेका तोच, पण टीव्हीवरच्या शब्दांशी ओठ जुळत नव्हते. जुनं गाणं म्हणत होते ते, मनातल्या मनात, नव्या गाण्याच्या आवाजाखाली. सॉसेज थंड झालं होतं.

पुढच्या हिवाळ्यात एका शनिवारी ते मला घेऊन गेले. अकरा नंबरची ट्रॅम, एडिनबरा गार्डन्सच्या कडेला उतरायचं. ब्रन्सविक स्ट्रीट ओव्हलवर शंभर वर्षांहून जुना लाकडी स्टँड आहे, आणि तिथं फिट्झरॉय खेळते. खरंच खेळते. हौशी लीगमध्ये, २००९ पासून, तोच सिंह, तीच मैदानाची कड. दीड-दोनशे माणसं, कुत्री, बाबागाड्या, पावात गुंडाळलेलं सॉसेज आणि वर जळका कांदा. चॉकलेटचा वास अर्थातच नव्हता. शेजारच्या कॅफेतून कॉफीचा येत होता. तिसरा क्वार्टर संपल्यावर प्रेक्षक सरळ मैदानात उतरून कोचभोवती कोंडाळं करतात, इथली रीत आहे. तात्या काठी टेकत गेले. मी पांढऱ्या रेघेवर थांबलो. दुसऱ्या तालमीच्या कोंडाळ्यात शिरायचं नसतं हे माझ्या पायांना अजून पाठ आहे. बाजूला उभ्या असलेल्या एका पोरानं, सातेक वर्षांचा असेल, मला विचारलं, तू कुणाचा? मी म्हटलं, बुलडॉग्जचा. त्यानं मान डोलावली. जराशी कीव केल्यासारखी.

परतीच्या ट्रॅममध्ये मी तात्यांना विचारलं, मग फिट्झरॉयच्या फ्लॅग किती धरायच्या? त्यांच्या आठ. ब्रिस्बेन लायन्सच्या २००१, २००२, २००३ आणि आता ही, म्हणजे चार. तात्या खिडकीबाहेर बघत राहिले. ट्रॅम करकरत थांबली, माणसं चढली, दार लागलं. "आठ," म्हणाले.

२०२५ च्या सप्टेंबरात ब्रिस्बेन पुन्हा फायनलला. समोर जिलाँग. पुन्हा टीव्ही परसात, खिडकीतून वायर, तव्यावर सीमारेषा. ब्रिस्बेन जिंकलं, गाणं सुरू झालं, आणि मी चिमटा हातात धरूनच विचारलं, "तात्या, आता किती?"

"आठ," तात्या म्हणाले, ताटातून मान वर न करता.

"खोटं बोलतोय," काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या. "सकाळी दाढी करताना बारा म्हणत होता. म्हणजे आता तेरा झाले."